वारली चित्र शिकवायचं आहे? त्रिकोणाच्या आधी काय शिकवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या मराठी शाळेत सातवीच्या वर्गाला वारली चित्रकला शिकवायची आहे. वर्गात 45 मुलं, आठवड्याला एक तासिका, खर्चाला पैसे बेताचे. मुलं दोन त्रिकोण जोडून माणूस काढतात, मधोमध तारपा नाचाचं वेटोळं काढतात आणि वीस मिनिटांत मोकळी होतात. या सगळ्यात वारली माणसांची स्वतःची नजर कुठेच येत नाही. ती वर्गात आणायची कशी?

पहिल्या तासाला फळ्यावर दोन त्रिकोण काढले की धडा तिथेच संपतो. मुलांना युक्ती सापडते आणि युक्ती सापडली की बघायचं काही उरत नाही. म्हणून तिसऱ्या तासापर्यंत त्रिकोण फळ्यावर येऊच देऊ नका. एकूण सहा तासिका धरा. पहिल्या दोन तासिकांत मुलांना दोन गोष्टी कळायला हव्यात. एक, हे चित्र मुळात कुणाच्या घरात, कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून उमटतं. दुसरी, त्यातली माणसं नेमकं काय काम करत असतात.

वारली या आदिवासी समाजाची वस्ती मुख्यतः पालघर जिल्ह्यात आहे: डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. पुढे ती दक्षिण गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीत जाते. जुन्या पद्धतीचं घर कुडाचं असतं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमाती लिंपायची आणि वरून गेरू द्यायचा. खिडकी नसते, असली तर वीतभर. त्या तांबूस काळोखात तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ अंगातून उजेड आल्यासारखी दिसते. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने ‘वारली’ काढायला दिलं की हे सगळं उलटं होतं. म्हणून जमीन, म्हणजे चित्राखालचा थर, मुलांनी स्वतः तयार करणं हा धड्याचा गाभा धरा. त्याची कृती पुढे देतो.

या भिंतीवरचं सर्वांत महत्त्वाचं चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाशिणी काढतात. चौकटीला नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट देवी, आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. शेजारी लहानसा देवचौक असतो आणि त्यात घोड्यावरचा किंवा पाच शिरांचा पंचशिऱ्या. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. तिची गाणी चालू असतात आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. ही माहिती सांगितल्यावर मुलांना एकच विचारा: तुमच्या देवघरातले कुलदैवताचे टाक कुणी कार्यानुभवाचा प्रकल्प म्हणून बनवून भिंतीवर टांगले तर घरचे काय म्हणतील? पुढचं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पालघटचा चौक वर्गात नक्कल म्हणून काढायला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो दाखवा, पट्ट्यांची नक्षी बारकाईने बघायला लावा, देवीभोवती काय काय आहे ते मोजायला लावा, पण वहीत उतरवून त्यावर गुण देऊ नका. शेती, पाणी, गुरं, झाडं, नाच, बाजार, मासेमारी हे विषय मोकळे आहेत. वारली चित्रकार स्वतः ते कागदावर आणि कापडावर काढतात, विकतात, शिकवतात. एखाद्या विषयाबद्दल शंका असेल तर पुस्तकात शोधण्यापेक्षा चित्रकारालाच विचारावं.

बायकांच्या हातचं हे काम पुरुषांच्या नावाने कसं ओळखलं जाऊ लागलं, हेही मुलांना कळायला हवं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी डहाणू भागात आले आणि त्यांनी गावात कागद नि रंग दिले. तोवर चित्र होतं ते भिंतीवर आणि लग्नापुरतं. कागदावर रोज चित्र काढू लागले ते गंजाडजवळच्या पाड्यावरचे जिव्या सोमा मशे. चौकाबाहेरचं जग त्यांनी चित्रात आणलं: मासेमारीचं जाळं, वारूळ, भाताचं खळं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते गेले. त्यांचं एखादं जाळ्याचं चित्र मोठं करून दाखवा. बारीक रेघांच्या त्या विणीत एकही रेघ पट्टीने ओढलेली नाही, आणि तरी जाळं ताणलेलं दिसतं, हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या. बाजार आला तसे पुरुष चित्रकार वाढले आणि चौक मात्र बायकांकडेच राहिला. हा फरक सातवीच्या मुलांना व्यवस्थित समजतो.

एक खबरदारी. ‘ही कला अमुक हजार वर्षं जुनी आहे’ असं वाक्य बऱ्याच तक्त्यांवर असतं. ते लिहू नका. भिंत दरवर्षी सारवली जाते, चित्र पुसलं जातं, जुनं काही शिल्लक राहत नाही. गुहाचित्रांशी साम्य दिसतं म्हणून वय ठरत नाही. ‘प्राचीन’ आणि ‘आदिम’ या शब्दांनी आणखी एक नुकसान होतं: वारली म्हणजे होऊन गेलेली माणसं, असं मुलांच्या मनात बसतं. मुंबईतल्या आरे कॉलनीतही वारल्यांचे पाडे आहेत. गोरेगावच्या शाळेतल्या मुलासाठी ही माणसं शेजारी आहेत.

दुसऱ्या तासिकेत कागद-पेन्सिल बाहेर काढायचीच नाही. भाताचं वर्ष क्रियापदांमधून सांगायचं. पावसाआधी राब भाजणे, म्हणजे रोपांच्या जागी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळणे. मग पेरणी, चिखलणी, आवणी (रोपांची लावणी), बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी, पाखडणी. प्रत्येक कामाला दोन-दोन मुलं पुढे बोलवा आणि त्या अवस्थेत अर्धा मिनिट स्थिर उभी करा. बाकीच्यांनी फक्त सांगायचं: कंबर कुठे आहे, छाती कुठे झुकली, वजन कुठल्या पायावर आहे. आवणी करणाऱ्या बाईची पाठ जमिनीला जवळजवळ समांतर होते. उखळात कांडणारी मुसळ उचलताना किंचित मागे रेलते. डोक्यावर हंडा असलेली सरळ उभी असते, हलतात ते फक्त पाय. हे अंगाने कळलं की त्रिकोणाला अर्थ येतो.

आता जमीन. 45 मुलांसाठी ए-थ्री आकाराचे जाड पुठ्ठे घ्या. खोक्यांचे कापून घेतले तर पैसेही वाचतात. साधा ड्रॉइंग पेपर ओला झाला की गोळा होतो. तोच वापरायचा असेल तर मागच्या बाजूला साध्या पाण्याचा हात फिरवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा ताण येऊन तो कमी वळतो. गेरूची पूड अर्धा किलो, पाणी पाऊण लिटर, फेविकॉल 150 ग्रॅम. गेरू आधी पाण्यात तासभर भिजवून फडक्यातून गाळा, नाहीतर खडे राहतात आणि चित्र काढायची काडी अडकते. रुंद ब्रशने एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला लाल लागलं तर चिकट कमी पडलंय आणि वरचा पांढरा रंग गुलाबी होणार. थर चकाकू लागला तर चिकट जास्त झालंय, त्यावर पिठाचा रंग थेंबाथेंबाने सुटतो, धरत नाही. हातातल्या गेरूप्रमाणे दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे करावं लागतं, म्हणून आधी एका पुठ्ठ्यावर करून बघा. शाळा गावाकडची असेल आणि माती, शेण हाताशी असेल तर पुठ्ठ्याऐवजी कुंपणाच्या भिंतीचा एक तुकडा सारवून घ्या. त्याला तोड नाही.

पांढऱ्या रंगाला पाव किलो तांदूळ रात्रभर भिजवायचा. सकाळी थोड्या पाण्यात अगदी बारीक वाटून मलमलच्या फडक्यातून गाळायचा. अर्धा तास ठेवला की पीठ खाली बसतं, तेव्हा वरचं पाणी काढून टाकायचं. दोन चमचे बाभळीच्या डिंकाची पूड अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळायची आणि घावनाच्या पिठाइतकं पातळ करायचं. हा रंग त्याच दिवशी वापरावा, दुसऱ्या दिवशी आंबतो. दाट झाला तर वाळल्यावर तडे जाऊन खपल्या पडतात. आणि एक गोष्ट मुलांना आधीच बजावून ठेवा: ओला असताना हा रंग जवळजवळ दिसतच नाही, वाळताना पांढरा होत जातो. हे माहीत नसलं की मुलं त्याच रेघेवर तीन-तीनदा फिरवतात आणि दहा मिनिटांनी रेघेची दोरी झालेली असते. घाईच असेल तर पांढरा पोस्टर रंग चालेल, पण निदान एका तासिकेला तांदूळ वापराच. जो तांदूळ चित्रात लावला, कापला, झोडला जातो, त्याच तांदळाने ते चित्र काढलेलं असतं. हे सांगून समजत नाही, हाताला पीठ लागल्यावरच समजतं.

काडीसाठी बांबूच्या पंधरा सेंटिमीटरच्या, काडेपेटीतल्या काडीइतक्या जाड कामट्या काढा. मूळ पद्धतीत टोक चावून तंतू मोकळे करतात. शाळेत टोक रात्रभर भिजवून शेवटचा एक सेंटिमीटर दगडाने ठेचा. या काडीत रंग फार राहत नाही, तीन-चार सेंटिमीटरला रेघ तुटते. मुलं लगेच नंबर शून्यचा ब्रश मागतात. देऊ नका. वारली चित्रात लांब सलग रेघ क्वचितच दिसते. तुकडे, ठिपके, पुन्हा तुकडे, अशी ती पुढे सरकते. काडीच हे शिकवते.

आता तिसऱ्या तासिकेत त्रिकोण. छातीचा त्रिकोण खाली टोक करून, कमरेचा वर टोक करून, आणि दोघांची टोकं एकमेकांना फक्त टेकलेली. माणसाचा सगळा जीव त्या टेकलेल्या बिंदूत असतो, शरीर तिथूनच वळतं. आवणी करणारीचा वरचा त्रिकोण त्या बिंदूभोवती फिरून आडवा होतो, खालचा आपल्या जागी राहतो. नेहमीच्या चुका चारच. टोकं एकमेकांत घुसतात, मग कंबर जाड होते आणि माणूस वळेनासा होतो. दोन्ही त्रिकोण एकाच उभ्या रेषेत येतात, मग सगळी माणसं कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसतात. डोकं फार मोठं होतं, ते छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पुरतं. आणि हात कोपरात वाकत नाहीत. बाईच्या डोक्याला मागे अंबाड्याचा छोटा गोळा असतो. त्रिकोण बाहेरून काढून आतून भरायचा. पट्टी आणि कंपास त्या दिवशी दप्तरातच राहू द्या.

तारपा नाच जवळजवळ सगळ्याच मुलांना काढायचा असतो. काढू द्या, पण आधी तारपा म्हणजे काय ते सांगा आणि आवाज ऐकवा. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भात कापून झाल्यावर तो घुमू लागतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात आणि तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत. तो वळेल तशी साखळी वळते. म्हणून चित्र तारपकऱ्यापासून सुरू करा आणि साखळी आतून बाहेर उलगडत न्या. बाहेरून सुरू केलं की मध्ये येईपर्यंत जागा संपते आणि ज्याच्यामागे सगळे चालले आहेत तोच चिरडला जातो. हातांना हात जोडत बसू नका. कमरांमागून जाणारी एकच तुटक रेघ काढली की साखळी दिसते.

मांडणीत क्षितिजरेषा नाही, जवळचं मोठं आणि दूरचं लहान असंही नाही. खळं वरून दिसतं, त्यावर फिरणारे बैल बाजूने दिसतात, आणि दोन्ही एकाच चित्रात सुखाने नांदतात. सातवीपर्यंत मुलांना ‘खाली जमीन, वर आकाश’ इतकं पाठ झालेलं असतं की ती सवय सांगून जात नाही. चौथ्या तासिकेला चार पुठ्ठे जोडून जमिनीवर ठेवा आणि चार मुलांना चार बाजूंनी बसवा. मधोमध एक गजबजलेली जागा ठरवा, विहीर किंवा खळं, आणि प्रत्येकाने तिथून आपल्याकडे चित्र वाढवत आणायचं. वर-खाली आपोआप सुटतं. रिकामी जागा दिसली की मुलं पक्षी आणि फुलं भरतात. त्यांना विचारा, इथे कोण राहतं? वारूळ, खेकड्याचं बीळ, ताडाच्या झाडावर चढणारा माणूस, मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका: रिकामी जागा अशा गोष्टींनी भरायची असते.

पाचव्या तासिकेला आजचं काढायला द्या, इथेच दृष्टीची परीक्षा होते. वारली चित्रकार रेल्वे, एसटी, सायकल फार पूर्वीपासून काढत आले आहेत. सूर्या प्रकल्पाचं पाणी पालघर जिल्ह्यातल्या धरणातून वसई-विरारला जातं. त्या शहरांतल्या मुलांनी आपल्या नळापासून मागे मागे जात धरणापर्यंतचं चित्र काढावं. वाटेत कुणाची शेतं लागतात, कुणाचे पाडे लागतात, तिथे पाणी कुठून भरतात, हे शोधून मग काढावं. आणि नववी-दहावीचा वर्ग असेल तर इतिहासाच्या शिक्षकांना सोबत घ्या. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की जोडप्याला त्याच्या शेतावर बांधून राबावं लागे. त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने, किसान सभेच्या झेंड्याखाली, वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडून काढली. चौक ज्या लग्नासाठी काढला जातो त्या लग्नाची ही किंमत होती, हे कळल्यावर तोच फोटो मुलं वेगळ्या डोळ्यांनी बघतात.

सहावी तासिका चित्रकाराची. जमलं तर ती पहिली ठेवा. बोलावताना मानधन आधी ठरवा आणि आकडा त्यांना सांगू द्या. प्रवास, जेवण वेगळं, आणि पैसे त्याच दिवशी हातात. ‘मुलांना संधी मिळेल, तुमची ओळख होईल’ असं म्हणून फुकट बोलावणं सोडून द्या. बाहेरच्या कुठल्याही व्याख्यात्याला जे देता तेच इथे द्या. शक्य असेल तर एका बाईला बोलवा, आणि ती एकटी यायला संकोचत असेल तर दोघी येऊ द्या. विचारायच्या गोष्टी आधी फोनवर विचारून घ्या: काय शिकवायला आवडेल, काय दाखवू नये, फोटो काढले तर चालतील का, ते कुठे लावायचे. वर्गात त्यांना खुर्ची देऊन उंचावर बसवू नका, त्या खाली बसून काढणार असतील तर सगळा वर्ग खाली बसवा. आणि तुम्ही मध्ये मध्ये समजावून सांगू नका. वारली बोली मराठीच्या पुष्कळ जवळ आहे, मुलांना कळते. शब्द अडला तर मुलंच विचारतात.

चित्रांखाली काय लिहायचं यालाही महत्त्व आहे. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे विशिष्ट भागातल्या उत्पादनाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळाला आहे. वर्गात सराव करायला त्याने काही आडकाठी येत नाही, पण शाळेच्या जत्रेत मुलांनी काढलेल्या पणत्या आणि पिशव्या ‘वारली पेंटिंग’ म्हणून विकणं चूक आहे. त्या विकायच्याच असतील तर नाव वेगळं द्या. वस्तू खऱ्या हव्या असतील तर चित्रकाराकडून विकत घेऊन त्यांच्या नावाने ठेवा. भिंतीवरच्या मुलांच्या कामाखाली ‘वारली चित्रपद्धतीचा अभ्यास’, इयत्ता, आणि शिकवणाऱ्या चित्रकाराचं नाव नि गाव, इतकं पुरे.

9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला किंवा स्नेहसंमेलनात मुलांना पानांचे घागरे बांधून, तोंडाला पट्टे ओढून नाचवतात. चित्रकलेच्या शिक्षकाकडे रंगभूषेचं काम येतं. तिथे ठाम नकार द्या. सहा तासिकांत जे शिकवलं ते त्या पाच मिनिटांत धुऊन निघतं. वर्गात वारली किंवा दुसऱ्या आदिवासी समाजाचं मूल असेल तर त्याला ‘तू सांग रे तुमच्यात काय करतात’ म्हणून उभं करू नका. त्याला सांगावंसं वाटलं तर जागा असू द्या, आणि त्याने मोटारसायकल किंवा क्रिकेट काढलं तर तेही वारली मुलाने काढलेलं चित्रच आहे.

शाळा पालघर-ठाण्याच्या बाहेर असेल तर वारलीच हवी असंही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आहे, नंदुरबारला पावरा आणि भिलांच्या होळीचे बांबूचे, मोरपिसांचे साज आहेत. जी माणसं तासाभराच्या एसटीच्या अंतरावर आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा, म्हणजे शंका आली की विचारायला जाता येतं. पुण्यात असाल तर क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संग्रहालयात एक दिवस मुलांना न्या, पण नेण्याआधी स्वतः जाऊन या आणि दोनच वस्तू निवडा, कारण सगळं दाखवायला गेलं की काहीच बघून होत नाही.

गुण देताना सफाईला दहापैकी तीन, हालचालीला चार, आणि उरलेले तीन एका तोंडी प्रश्नाला: तुझ्या चित्रातलं हे माणूस काय करतंय, आणि त्याआधी काय करून आलंय? शेवटी, ही चित्रं लॅमिनेट करू नका, उष्णतेने पिठाचा थर फुटतो. पावसाळ्यात तांदळाला बुरशी येते, कीडही लागते. त्याआधी सगळ्या चित्रांचे नीट फोटो काढून एक संच चित्रकाराला पाठवा. आणि भिंतीवर काढलं असेल तर पुढच्या वर्षी नवी मुलं आली की त्यांच्याकडूनच ती भिंत पुन्हा सारवून घ्या.